बांध आणि उतारा
(बाप-लेकांच्या अबोल्याविषयी चार शब्द)

लेखक : एक निवृत्त महसूल कारकून, वैशाखरे, ता. मुरबाड

महसूल खात्याच्या कचेरीत ज्याने आयुष्याची तीस वर्षे कारकुनी केली, त्यास एक गोष्ट कोणी न शिकविता कळते. ती ही की, जमिनीच्या पुष्कळशा कज्जांचे मूळ जमिनीत नसून घरात असते. बाप बाकावर बसलेला, मुलगा दाराशी उभा. दोघेही एकाच घरून, बहुधा एकाच गाडीने आलेले. तरीही बाप मला सांगणार, "भाऊसाहेब, पोराला म्हणावं, सहीची घाई करू नको." आणि मुलगा मला सांगणार, "भाऊसाहेब, बाबांना जरा समजवा, मुदत संपत आली." दोघांमध्ये अंतर चार हातांचे, पण एकाचे बोलणे दुसऱ्यास पोहोचावयाचे तर ते कारकुनाच्या मेजावरून जावे लागे. जे बोलणे घरी चुलीपुढे व्हावयाचे ते कचेरीत होऊ लागले म्हणजे त्यास अर्ज लागतो, मुद्रांक लागतो, वकील लागतो, आणि अखेर तारीख लागते.

या मासिकात बियाणे, खते, गुरांचे रोग आणि बाजारभाव यांची चर्चा होते, ती योग्यच आहे. परंतु उत्तम बियाणे पेरले आणि बांधावरून तंटा लागला तर ते पीक कोणाच्या पदरात पडावयाचे? म्हणून आज शेतीच्याच एका अंगाविषयी, म्हणजे वडीलधारी माणसे आणि तरुण मुले यांच्यातील बोलण्याविषयी, लिहिण्याची मी वाचकांची परवानगी घेतो. हा उपदेश नव्हे. यात माझ्या स्वतःच्या दोन चुका सांगावयाच्या आहेत.

दोन्ही बाजूंची तक्रार

वडील माणसांस विचाराल तर ती म्हणतात, हल्लीची पोरे मोबाईलमध्ये मान घालून बसतात, चिखलात पाय घालावयास त्यांस लाज वाटते, आणि मुंबईकर गिऱ्हाईक दारात आले की जमीन विकून गाडी घ्यावी असे त्यांस वाटते. मुलांस विचाराल तर ती म्हणतात, बाबा काही सांगतच नाहीत, कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत, पेटीची किल्ली करगोट्याला, आपली जमीन किती व कोठे हे विचारले तर उत्तर मिळते, "मी डोळे मिटले की सगळे तुझेच आहे." या दोन्ही तक्रारींत काही खरे आहे, परंतु दोहोंतही खरे कारण सांगितलेले नाही.

खरे कारण मला असे दिसते. पूर्वी बाप मुलास शेती मुद्दाम म्हणून कधी शिकवीत नसे. मुलगा नांगरामागे चाले, राबाचा पाला वाही, आवणीच्या वेळी मूठ हातात देई, आणि चालता चालता त्याच्या कानावर सर्व काही पडे : हे खाचर आधी भरते, या बांधाखाली खेकड्याची बिळे फार, ती वाट आपल्या वहिवाटीची, ती शेजाऱ्याने दिलेली. बोलणे कामाच्या अंगाने होई. आता आमच्या मुरबाड-शहापूर भागातील तरुण सकाळी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा कल्याणकडे कामास जातो आणि दिवेलागणीस किंवा त्याही मागाहून परत येतो. त्यात दोष कोणाचाच नाही. केवळ भातावर आता घर चालत नाही. पण एकत्र काम संपले तेव्हा त्याबरोबर होणारे बोलणेही संपले, आणि त्याच्या जागी दुसरे बोलणे आपण लावले नाही. अबोला मनातील अढीमुळे आला असे दोघांस वाटते. वस्तुतः तो कामाच्या बदलामुळे आला, आणि अढी मागाहून धरली.

आजचे वडील हे कालचे पोर

माझ्या आजोबांच्या वेळची गोष्ट घरात सांगत असत. १९६८ साली 'जया' ही ठेंगणी भातजात देशात प्रसृत झाली आणि काही वर्षांनी तिचे बी आमच्याकडे आले. माझे वडील तेव्हा ऐन उमेदीत होते. त्यांनी ते लावावयाचे ठरविले. आजोबा म्हणाले, "गुडघाभर भाताचा पेंढा किती निघणार? आणि गुरांनी खायचे काय?" वडिलांस वाटले, म्हाताऱ्यास नवे काही रुचतच नाही. आजोबांस वाटले, पोरास गोठा दिसत नाही, फक्त दाणे दिसतात. विचार करता दोघेही बरोबर होते. जुन्या उंच जातींना खत जास्त दिले की त्या लोळत, म्हणून उत्पन्न वाढत नसे; ठेंगणी जात खत पचवून उभी राही. परंतु तिचा पेंढा कमी, हेही तितकेच खरे. शेवटी आजीने मध्यस्थी केली. खोलगट खाचरांत जुने भात आणि वरच्या खाचरांत जया, असे ठरले. पोटास दाणा व गुरांस पेंढा दोन्ही मिळाले. नव्याचा अभिमान व जुन्याचा अनुभव यांची अशी वाटणी झाली की दोघांचेही साधते.

तेच माझे वडील पुढे मी काही नवे काढले की "आमच्या वेळी" म्हणून सुरुवात करीत. आणि माझा मुलगा जेव्हा नेरळच्या सगुणा बागेतून श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रसृत केलेल्या 'सगुणा राईस तंत्रा'ची माहिती घेऊन आला, तेव्हा माझ्याही तोंडून तेच शब्द निघाले. या पद्धतीत नांगरणी, चिखलणी व आवणी ही तिन्ही कामे वगळून कायमच्या गादीवाफ्यांवर साच्याने भोके पाडून बी टोकतात, आणि कापणीनंतर भाताच्या मुळ्या जमिनीतच राहू देतात. राब भाजणेही नाही. ज्याच्या दहा पिढ्यांनी चिखलाशिवाय भात पाहिले नाही त्यास हे ऐकून हसू येणे साहजिक आहे. मीही हसलो.

येथे माझी पहिली चूक सांगतो. मुलाने गादीवाफ्यांसाठी ओहोळालगतचे खालचे खाचर निवडले. आषाढातील मोठ्या पावसात त्या खाचराच्या वरच्या बांधावरून पाणी उसळून आत येते हे मला लहानपणापासून ठाऊक होते. मी त्यास सांगितले नाही. "ठेच लागेल तेव्हा समजेल," असे मनाशी म्हटले. पाऊस झाला, पाणी आले, दोन वाफे बियांसह वाहून गेले. मुलगा बांधावर उभा राहून नुसते पाहत होता. मी जवळ जाऊन म्हटले, "येथे असेच होते." तो वळून म्हणाला, "बाबा, तुम्हाला माहीत होते?" या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढील साली त्याने वरचे खाचर घेतले आणि नांगर न लावता भात उभे राहिलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. परंतु पहिल्या सालचे नुकसान पावसाने केले असे मी म्हणू शकत नाही. ते माझ्या मौनाने केले.

उताऱ्यावर काय असते आणि काय नसते

तरुण पिढीचे सामर्थ्य कोठे आहे ते आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पूर्वी सातबाराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सजावर दोन-दोन खेपा माराव्या लागत. आता डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मुलगा घरबसल्या काढतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत खातेदाराने स्वतःच शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व नोंद करावयाची. ही नोंद राहिली तर आधारभूत किमतीने भात घालताना किंवा नुकसानीची मदत मागताना अडचण येते. साठी उलटलेल्या किती खातेदारांस हे काम एकट्याने करता येईल? येथे मुलावाचून चालत नाही.

परंतु उतारा म्हणजे जमीन नव्हे. उताऱ्यावर गट क्रमांक असतो, क्षेत्र असते, आकार असतो, पोटखराबा असतो, खातेदारांची नावे असतात. वडाखालचे खाचर कोणते, देवाच्या नावाने सोडलेला कोपरा कोणता, पाणी कोणाच्या बांधातून कोणाकडे उतरते, बैलगाडीची वाट कोणाच्या संमतीने पडली, हे त्यावर नसते. ते म्हाताऱ्याच्या डोक्यात असते. वाट अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने दाद मागता येते आणि बांधावरून नवी वाट हवी असल्यास जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने अर्ज करता येतो. परंतु वहिवाट जुनी आहे हे सांगणारा साक्षीदार हयात नसेल तर त्या अर्जात जीव राहत नाही. थोडक्यात, बापास बांध ठाऊक आणि मुलास उतारा. प्रत्येकाच्या हाती जमिनीचे अर्धे अर्धे ज्ञान आहे, आणि प्रत्येकजण आपले अर्धे हेच पूर्ण समजतो.

माझी दुसरी चूक

आमच्या घराला लागून एक खाचर आहे. मला समजू लागल्यापासून ते आम्हीच कसत आलो. २०२३ साली शेजारच्या घरचा नातू, जो कल्याणास नोकरीस असतो, हाती उतारा घेऊन आला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, हे शेत आमच्या नावावर आहे. मोजणीचा अर्ज दिला आहे." मी तेव्हा नोकरीत होतो, महसुलाच्या माणसास त्याच्याच अंगणात उतारा दाखवितो, याचा मला संताप आला. रात्री माझ्या मुलाने फोनवर सर्व गट तपासले आणि म्हणाला, "बाबा, तो खोटे बोलत नाही. हे शेत त्यांच्या नावे आहे, आणि ओहोळापलीकडचे, जे ते कसतात, ते आपल्या." मी म्हटले, "मला उतारा शिकवतोस?" त्या दिवसापासून तीन आठवडे आम्ही बाप-लेक एकमेकांशी बोललो नाही. त्याचे बोलणे मला आणि माझे त्यास त्याच्या आईमार्फत पोहोचे. कचेरीत ज्या बाप-लेकांस मी मनात हसत असे, त्यांच्याच रांगेत मी येऊन बसलो.

मोजणीदार यावयाच्या आदल्या दिवशी त्या शेजाऱ्यांच्या ऐंशी उलटलेल्या आजीबाई काठी टेकीत बांधावर आल्या. त्यांनी आपल्या नातवास व माझ्या मुलास बोलाविले. मलाही बोलाविले. आणि म्हणाल्या, "अरे, तुझे आजोबा आणि याचे आजोबा या इथेच बसून पान खाऊन बोलले. आमचे शेत यांच्या दारात, यांचे आमच्या विहिरीपाशी. गुरे एकमेकांच्या पिकात शिरायची, रोजची भांडणे. म्हणून बदलून घेतले. मी म्हटले होते, कागद करा. तर दोघेही म्हणाले, कागद कशाला, माणसे आहेत की."

कागद कशाला, माणसे आहेत की! त्या दोघांचे शब्द खरे होते, ते असेपर्यंत. माझ्या वडिलांनी मला सांगितले नाही, कारण मुलगा महसुलात आहे, त्यास ठाऊकच असणार, असे त्यांस वाटले असावे. मी विचारले नाही, कारण डोळ्यांपुढचे शेत आपलेच आहे याविषयी मला शंकाच आली नाही. ज्याने शेकडो लोकांच्या फेरफारांच्या नोंदी लिहिल्या, त्याने आपल्या घरचा उतारा बांधाशी ताडून पाहिला नव्हता.

पुढील गोष्ट मुलांनी केली. दोघांनी बांधावर बसूनच फोनवर शोधले आणि 'सलोखा योजना' काढली. ज्या शेतकऱ्यांच्या शेतजमिनींचा ताबा एकमेकांकडे किमान १२ वर्षे आहे, त्यांस अदलाबदलीचा दस्त करण्यासाठी जानेवारी २०२३ च्या शासननिर्णयाने मुद्रांक शुल्क १,००० रुपये व नोंदणी शुल्क १,००० रुपये इतकेच ठेविले. ताब्याचा पंचनामा व्हावा लागतो आणि दोन्ही पक्ष राजी असावे लागतात. हा निर्णय माझ्याच खात्याशी संबंधित, आणि तो मला माझ्या मुलाकडून कळला. पंचनामा झाला, दस्त झाला, फेरफार पडला. आजीबाईंची आठवण नसती तर मुलांस योजना शोधण्याचे कारण पडले नसते. मुलांचा फोन नसता तर आजीबाईंची आठवण न्यायालयात साक्ष म्हणून फिरत राहिली असती.

आमच्या गावावरील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत किती गाई व किती नाणी दान दिली त्याचे आकडे त्यात सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. घाटमाथ्यावरील दगडी रांजण मात्र मुका आहे. त्यात किती जकात पडली हे कोणी सांगू शकत नाही. आपण आपल्या मुलांसाठी लेख ठेवावयाचा की रांजण, एवढाच विचार आहे.

न बोलण्याची किंमत

जमिनी आता मोठ्या राहिल्या नाहीत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. तेथे १७७१ साली सरासरी धारणा सुमारे ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. त्यानंतर आणखी कित्येक वाटण्या झाल्या. १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला, तरी घरातल्या घरात तोंडी वाटे पडतच राहिले. जेथे गुंठ्यांचा हिशेब आहे तेथे गैरसमजासही जागा उरत नाही.

दुसरे असे की, जमिनीस अकस्मात मोल येते. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला; त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अशा भूसंपादनात मोबदला अभिलेखावरील नावांप्रमाणे मिळतो, कसणाऱ्याच्या घामाप्रमाणे नव्हे. तोंडी वाटणीने एकाने जन्मभर कसलेले शेत कागदोपत्री चौघांचे असते, आणि पैसा आला की चौघेही बरोबरच असतात.

मुलींचे नाव या बोलण्यातून वगळणे ही तर सर्वांत महाग चूक. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या तारखेस बाप हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात स्पष्ट केले. बाप गेल्यावर तेराव्याच्या गर्दीत बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद ठेवणारे भाऊ मी पाहिले आहेत. सही होते, माहेर मात्र तुटते. हेच बोलणे बापाने हयातीत, मुलीस सन्मानाने घरी बोलावून केले तर तिचा निर्णय काहीही असो, मन दुखावत नाही.

आणि वडीलधाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावे. प्रेमापोटी सर्व जमीन मुलाच्या नावे करून नंतर पोटगीसाठी प्रांतांपुढे उभे राहिलेले वृद्ध मी पाहिले आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने त्यांस दाद मागता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, परत घेण्याची तरतूदही २३ व्या कलमात आहे. परंतु ती अट दस्तात लिहिलेली असावी. अट लिहिणे म्हणजे मुलावर अविश्वास नव्हे. दोघांनी आपसात मोकळेपणाने बोलून ठरविलेली गोष्ट कागदावर आली, इतकेच.

काय करावे

माझी सूचना साधी आहे. भात झोडून झाले, मार्गशीर्ष लागला, खाचरे कोरडी झाली की एक सुट्टीचा दिवस धरावा. बाप, मुलगे, मुली, सुना आणि चालता येत असेल तर आजी-आजोबा यांनी मिळून आपल्या प्रत्येक शेताचा बांध फिरावा. मुलाने फोनवर उतारा व गटाचा नकाशा उघडावा. वडिलांनी शेताचे नाव, सीमा, पाण्याची वाट व वहिवाट सांगावी. आणि घरात ज्याचे अक्षर चांगले त्याने वहीत लिहावे. जेथे बांध व उतारा जुळत नाही तेथे खूण करावी. मयत झालेल्यांची नावे उताऱ्यावर असतील तर वारस नोंदीचा अर्ज द्यावा. तोंडी वाटणी असेल आणि सर्व सहमत असतील तर संहितेच्या ८५ व्या कलमाने तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करावा. ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्या आपल्या तलाठ्यांस भेटावयास बाप-लेकांनी बरोबर जावे. आणि वाटेत आपसात बोलून जावे, म्हणजे तेथे निरोप्याची गरज पडणार नाही.

वडिलांनी "माझ्यामागे सगळे तुझेच" हे वाक्य सोडून द्यावे. मागे राहते ते गट क्रमांक; ज्ञान आधी द्यावे लागते. मुलांनीही "बाबा, तुम्हाला समजणार नाही" हे वाक्य सोडून द्यावे. त्याऐवजी "बाबा, हे खाचर आधी का भरते?" असे विचारावे. विचारणाऱ्यापुढे म्हातारा माणूस किती बोलका होतो हे एकदा पाहावे.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही बांध फिरलो. ओहोळालगतच्या त्या खाचरापाशी मुलगा थांबला आणि वहीत लिहू लागला. मी विचारले, "काय लिहितोस?" तो म्हणाला, "आषाढात वरच्या बांधावरून पाणी येते. वाफे करू नयेत." मी म्हटले, "त्याखाली लिही, बाबांनी वेळेवर सांगितले नव्हते." तो हसला, पण ते त्याने लिहिले नाही.